चार टक्क्यांचे कर्ज असताना चोवीस टक्क्यांचे का? नवी मुंबईतील उद्योजक भगिनींसाठी निधी आणि प्रशिक्षणाची वाट

नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आणि पुढे खारघर, कामोठे, कळंबोलीपर्यंत आपल्या समाजातील असंख्य भगिनी काही ना काही व्यवसाय करतात. कोणी डबे पुरवते, कोणी शिलाई करते, कोणी पार्लर चालवते, कोणी तुर्भ्याच्या बाजारातून माल आणून हातगाडीवर विकते. त्यांना आपण 'घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बायका' म्हणतो, उद्योजक म्हणत नाही. त्या स्वतःही म्हणत नाहीत. परिणामी, उद्योजकांसाठी असलेले स्वस्त कर्ज त्यांच्यापर्यंत येत नाही आणि वस्तीत दारापर्यंत येणारे महाग कर्ज त्या घेतात.

फरक किती पडतो, ते आधी पाहू. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले आणि दर महिन्याला सारखा हप्ता भरला, तर वर्षाला ४ टक्के दराने हप्ता सुमारे २,९५० रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे ६,३०० रुपये होते. तेच कर्ज २४ टक्के दराने घेतले तर हप्ता सुमारे ३,९२० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ४१,२०० रुपये होते. म्हणजे तेवढ्याच भांडवलासाठी जवळपास ३५ हजार रुपये जास्त. यात एखाद्या मुलीची कॉलेजची फी निघते. मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या गटकर्जाचा दर बहुधा विसाच्या पुढेच असतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध महिलांसाठी ४ टक्के दराची योजना मात्र कागदावर नाही, प्रत्यक्षात आहे.

मग ती घेतली का जात नाही? महाग कर्ज दोन दिवसांत मिळते. स्वस्त कर्जाला कागद, कार्यालये आणि महिने लागतात. ही वाट कशी चालायची ते या लेखात आम्ही टप्प्याटप्प्याने मांडत आहोत.

आधी आपला जिल्हा ओळखा

आपण सगळ्याला 'नवी मुंबई' म्हणतो, पण सरकारी कार्यालयांच्या हिशेबात ही दोन जिल्ह्यांची वस्ती आहे. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर हा महानगरपालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतो. ऐरोलीच्या भगिनीने ठाण्याच्या जिल्हा कार्यालयात जायचे आणि खारघरच्या भगिनीने अलिबागला. महामंडळाचे जिल्हा कार्यालय, जिल्हा उद्योग केंद्र आणि अग्रणी बँक या तिन्ही गोष्टी जिल्ह्याप्रमाणे बदलतात. ठाण्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे, तर रायगडची बँक ऑफ इंडिया. चुकीच्या जिल्ह्यात अर्ज पडला तर महिना-दोन महिने फुकट जातात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितले.

कागद: माहेरचे नाव, सासरचे नाव

अर्ज अडतो तो बहुधा जातीच्या दाखल्यावर. स्त्रीचा जातीचा दाखला वडिलांकडच्या पुराव्यावर निघतो, म्हणजे त्यावर माहेरचे नाव असते. आधार, पॅन आणि बँक खाते सासरच्या नावावर असते. ही दोन्ही माणसे एकच आहेत, हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावातील बदलाचे राजपत्र लागते. ज्यांच्या लग्नाची नोंदणीच झालेली नाही, त्यांनी कर्जाचा विचार करण्याआधी ते काम उरकावे.

दुसरी अडचण मूळ गावाची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब कुठे राहत होते हे पाहिले जाते. आपल्यापैकी पुष्कळांची कुटुंबे विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण, पश्चिम महाराष्ट्रातून इथे आली. त्यामुळे इथे जन्मलेल्या मुलीलाही दाखल्यासाठी आजोबांच्या गावच्या शाळेचा किंवा महसुली पुरावा शोधावा लागतो. भावाचा किंवा वडिलांचा दाखला आधीच निघालेला असेल तर काम सोपे होते.

तिसरी गोष्ट आपल्या समाजाशी थेट निगडित आहे. १९९० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेश दुरुस्ती कायद्याने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. पण केंद्राच्या योजनेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात असावा लागतो. राज्याच्या योजनेसाठी काढलेला जुना 'नवबौद्ध' दाखला तिथे अडू शकतो. दाखला काढतानाच दोन्ही ठिकाणी चालेल असा नमुना मागून घ्यावा.

याशिवाय उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, व्यवसायाच्या जागेचा भाडेकरार आणि मालाचे दरपत्रक म्हणजे कोटेशन लागते. व्यवसाय सुरू असेल तर उद्यम नोंदणी करावी. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे. हजार-पाचशे रुपये मागणारी संकेतस्थळे खासगी असतात, त्यांना पैसे देऊ नयेत. दुकान असेल तर ज्याला आपण गुमास्ता म्हणतो ती नोंद करावी. राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानाला फक्त ऑनलाईन सूचना द्यावी लागते.

किती पैसे हवेत, त्यावरून योजना निवडा

'कोणती योजना चांगली?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. त्याआधी 'मला नेमके किती पैसे हवेत आणि कशासाठी?' हे ठरवले पाहिजे. रक्कम ठरली की योजना आपोआप ठरते.

५० हजारांपर्यंत: फेरीवाल्या भगिनींसाठी २०२० साली सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना आहे. २०२५ मध्ये तिची फेररचना होऊन पहिले कर्ज १५ हजार, दुसरे २५ हजार आणि तिसरे ५० हजार असे टप्पे झाले. वेळेवर फेड केल्यास ७ टक्के व्याज अनुदान खात्यात परत येते. हा अर्ज महानगरपालिकेमार्फत होतो. दुसरा पर्याय मुद्रा योजनेतील 'शिशु' कर्जाचा.

दीड लाखाच्या आत: राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाची महिला समृद्धी योजना इथे येते. १ लाख ४० हजारांपर्यंतच्या व्यवसायासाठी ४ टक्के दराने कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे लागते. आपल्या राज्यात ही योजना महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत राबवली जाते.

५० हजार ते ५ लाख: महात्मा फुले महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. त्याच्या बीजभांडवल योजनेत ७५ टक्के रक्कम बँक देते, २० टक्के महामंडळ ४ टक्के दराने देते आणि ५ टक्के अर्जदाराने भरायचे असतात. म्हणजे ५ लाखांच्या व्यवसायात बँकेचे ३ लाख ७५ हजार, महामंडळाचे १ लाख आणि आपले २५ हजार. महामंडळाने मंजुरी दिली तरी बँकेने प्रकरण स्वीकारावे लागते आणि अर्ज रखडतात ते इथेच. म्हणून अर्जात शाखेचे नाव लिहिण्याआधी त्या शाखेच्या व्यवस्थापकाला भेटावे. ज्या शाखेत आपले खाते आहे आणि व्यवहार दिसतो, तीच शाखा निवडावी.

पाच लाखांच्या पुढे: पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून सुरू आहे. त्यात उत्पादन व्यवसायासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प मांडता येतो. महिला आणि अनुसूचित जाती दोन्ही 'विशेष प्रवर्गात' येत असल्याने शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळते, आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के असतो. अनुदानाची रक्कम मात्र हातात येत नाही. ती बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि व्यवसाय चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. उत्पादनात दहा लाखांच्या आणि सेवेत पाच लाखांच्या पुढच्या प्रकल्पासाठी आठवी पास असावे लागते. राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम याच धर्तीवर २०१९ पासून आहे. दोन्हींसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी.

खाद्यपदार्थांचा व्यवसाय: लोणची, पापड, मसाले, चटण्या, पिठे करणाऱ्या भगिनींनी २०२० मध्ये सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना पाहावी. तिच्यात यंत्रसामग्रीच्या प्रकल्पाला ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. बचत गटाच्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. कृषी विभागाने नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज तयार करून देतात.

दहा लाखांच्या पुढे: ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत १० लाख ते १ कोटीपर्यंतचे कर्ज होते. प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती-जमातीतील किमान एकाला आणि किमान एका महिलेला कर्ज द्यावे, असा तिचा नियम होता. या योजनेची मुदत मार्च २०२५ पर्यंत होती. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रथमच उद्योग करणाऱ्या पाच लाख महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी दोन कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची नवी योजना जाहीर झाली. अर्ज करताना त्या दिवशी कोणती योजना चालू आहे हे शाखेत विचारून घ्यावे.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मार्च २०२४ पर्यंत स्टँड-अप इंडियात महिला उद्योजकांची सुमारे १ लाख ९० हजार खाती मंजूर झाली होती, तर अनुसूचित जातींची सुमारे ४६ हजार. देशातल्या बँक शाखांची संख्या पाहता, प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती-जमातीतील एकाला जरी कर्ज दिले असते तरी त्यांचा आकडा याहून खूप मोठा झाला असता. नियम असूनही पुष्कळ शाखांनी तो पाळला नाही. आणि मागणारेही कमी पडतात.

तारण आणि नकार

बँकेत सर्वांत आधी कानावर पडणारे वाक्य म्हणजे 'तारण काय देणार?' सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. मुद्रा कर्जही विनातारण आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि आधीचे तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंत 'तरुण प्लस'. मुद्रा योजनेत अनुदान नसते. 'मुद्राचे अनुदान काढून देतो' असे सांगून पैसे मागणारा दलाल फसवतो आहे, असे समजावे.

अर्ज तोंडी नाकारला तर लेखी कारण मागावे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नये. शाखा दाद देत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करावी. तक्रार करायची म्हणजे भांडायचे नाही. कागदावर तारीख आणि सही असली की प्रकरण पुढे सरकते.

प्रशिक्षण आधी, पैसा नंतर

पैसा मिळाला आणि व्यवसाय बुडाला, तर कर्ज मागे राहते. आम्हाला वाटते की शिवणकाम किंवा स्वयंपाक पुष्कळ भगिनींना उत्तम येतो. त्या कमी पडतात दर ठरवण्यात. डब्याचा दर लावताना डाळ-तांदूळ धरला जातो, पण गॅस, पोचवण्याचे पैसे आणि स्वतःची मजुरी धरली जात नाही. महिनाभर राबून हाती काही उरत नाही ते म्हणून.

हे शिकवणाऱ्या संस्था आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत उद्योजकता प्रशिक्षण घेते. सामाजिक न्याय विभागाची पुण्यातील बार्टी ही संस्था अनुसूचित जातींसाठी कौशल्य प्रशिक्षणे घेते आणि तिचे समतादूत योजनांची माहिती देतात. कमी शिकलेल्या भगिनींसाठी जन शिक्षण संस्थाने आहेत. पनवेल तालुक्यातील गावांत राहणाऱ्यांना ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत मोफत प्रशिक्षण घेता येते. नवी मुंबई महानगरपालिकेच्या समाजविकास विभागाकडेही महिला आणि मागासवर्गीयांच्या योजना असतात. त्यांचे अर्ज ठरावीक मुदतीत निघतात, म्हणून विभाग कार्यालयाच्या फलकावर लक्ष ठेवावे.

बचत गट हेही एक प्रशिक्षणच आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, गटांच्या माध्यमातूनच काम करते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लेखन या पंचसूत्रीवर सहा महिने चाललेला गट बँकेकडे कर्ज मागू शकतो. गटाची वही नीट असेल तर बँकेत वेगळी ओळख सांगावी लागत नाही.

माल घेणार कोण?

शेजारच्या दहा घरांवर व्यवसाय फार काळ वाढत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे खरेदी धोरण आहे. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून व्हावी असे ठरले आहे. उरणचे जेएनपीए बंदर आणि ओएनजीसीचा प्रकल्प आपल्या उंबरठ्यावर आहेत. गणवेश, झाडलोटीचे साहित्य, फाईली, छापील साहित्य, जेवण या गोष्टी अशा ठिकाणी लागतातच. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला निविदा अर्जाची फी आणि अनामत रक्कम यांतून सूट आहे. राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब ही २०१६ पासूनची योजना एनएसआयसीमार्फत याच कामासाठी मदत करते. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी केली की छोटा पुरवठादारही दिसू लागतो.

हे आपल्याला जमणारे नाही, असे वाटत असेल तर कल्पना सरोज यांच्याकडे पाहावे. अकोला जिल्ह्यातून आलेल्या, शिवणकामाने सुरुवात केलेल्या या भगिनीने सरकारी योजनेतील ५० हजारांचे कर्ज घेतले होते. पुढे त्यांनी बंद पडत चाललेली कमानी ट्यूब्ज सांभाळली आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकीला कारखाना उभारायचा नाही. पण त्यांचीही पहिली पायरी तीच होती, जी आज आपल्यासमोर आहे.

नावापुरती मालकीण नको

महिलेच्या नावावर अनुदान जास्त, म्हणून अर्ज पत्नीच्या किंवा सुनेच्या नावावर आणि व्यवहार मात्र घरातील पुरुषाच्या हाती, असे पुष्कळदा घडते. हप्ते थकले तर नोटीस तिच्या नावाने येते, सिबिल तिचे बिघडते आणि पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जाला तिची सही चालत नाही. घरच्यांनी मदत जरूर करावी. पण खाते, एटीएम कार्ड, चेकबुक आणि यूपीआय तिच्याच हातात असावे. सही करण्याआधी कर्जाची रक्कम, व्याजदर आणि हप्ता तिने स्वतः वाचावा किंवा वाचून घ्यावा.

आधीच चार ठिकाणचे गटकर्ज डोक्यावर असेल, तर नवे घेण्याआधी थांबावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्स कर्ज देताना कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. २० हजार उत्पन्नाच्या घरात ही मर्यादा १० हजार आहे. वसुलीला येणारा माणूस धमकावत असेल, तर तेही नियमाबाहेर आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. आजच्या भाड्याच्या घरात हे प्रमाण तंतोतंत जमणार नाही. पण व्यवसायाचा पैसा घरखर्चात मिसळू नये आणि थोडा तरी बाजूला राहावा, हे तत्त्व आजही तितकेच उपयोगी आहे.

विहारांनी काय करावे?

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रिया जमल्या. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, ही बाबासाहेबांची भूमिका तेव्हापासून आपण सांगत आलो आहोत. आता ती मोजण्याची वेळ आहे.

नवी मुंबईतील जवळपास प्रत्येक नोडमध्ये विहार आहे, महिला मंडळ आहे. आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एका रविवारी विहारात दोन तासांचा मदत कक्ष चालवावा. समाजातील निवृत्त बँक कर्मचारी, तहसील कार्यालयातील निवृत्त लिपिक, लेखापाल आणि कॉलेजात शिकणारी मुले-मुली त्यात बसू शकतात. दाखल्याचे कागद तपासणे, उद्यम नोंदणी करून देणे, प्रकल्प अहवालाचे आकडे मांडणे आणि अर्ज कुठे अडकला याची नोंद ठेवणे, एवढेच काम. महामंडळाच्या कर्जाला जामीनदार मागितला जातो आणि पुष्कळ भगिनी तिथेच मागे फिरतात. सरकारी नोकरीतील आपल्या बांधवांनी, अर्जदार आणि व्यवसाय नीट पारखून, अशा वेळी पुढे यावे.

जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघरी जातो. त्याच फेरीत प्रत्येक घरी एक प्रश्न विचारता येईल: 'ताई, तुमचे कर्ज कुठले आणि व्याज किती?' उत्तरे वहीत लिहिली, तर आपल्या वस्तीतून दर आठवड्याला किती पैसा व्याजापोटी बाहेर जातो ते दिसेल. त्यातल्या दहा घरांचे कर्ज जरी चोवीस टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आले, तरी वर उल्लेखलेल्या हिशेबाने तीन वर्षांत साडेतीन लाख रुपये समाजातच राहतील.

जय भीम.